जिम क्रेमर बरोबर असतो की चूक? टीव्हीवरच्या शेअर टिपचं गणित सोप्या भाषेत

शेअर बाजारात थोडाफार जरी रस असेल तरी हा चेहरा तुम्ही मीममध्ये नक्की बघितला असणार. टक्कल, दाढी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या आणि कॅमेऱ्यात बघून ओरडणारा माणूस. जिम क्रेमर. अमेरिकेत सीएनबीसी चॅनेलवर त्याचा मॅड मनी नावाचा शो १४ मार्च २००५ ला सुरू झाला, आणि आज इंटरनेटवर त्याची सगळी ओळख एका वाक्यात उरलीये: क्रेमर घ्या म्हणाला की विकून टाका, विका म्हणाला की घ्या.

मला हे वाक्य पटत नाही. क्रेमरचे अंदाज अचूक असतात असं माझं म्हणणं नाहीये, ते किती चुकतात ते पुढे येईलच. पण हे वाक्य म्हणणारा माणूससुद्धा शेवटी क्रेमरच्याच टिपवर चालतोय ना, फक्त उलट्या दिशेने. मुळात टीव्हीवरून दिलेली टिप ऐकणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तिचं काय होतं, हे समजून घ्यायला क्रेमरइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्याची चाळीस वर्षांची कारकीर्द सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे.

हा माणूस मुळात पत्रकार. जन्म १९५५ चा, हार्वर्डमध्ये शिकला, तिथल्या विद्यार्थ्यांच्या क्रिमसन या पेपरचा प्रमुख होता. नंतर फ्लोरिडात टॅलहॅसीला आणि मग लॉस एंजेलिसला बातमीदार. लॉस एंजेलिसला असताना घर फोडलं गेलं, पैसे गेले, आणि काही महिने हा माणूस स्वतःच्या गाडीत झोपून दिवस काढत होता. मग परत हार्वर्डला, या वेळी कायद्याच्या शिक्षणाला. तिथे शिकता शिकता शेअर्सचं वेड लागलं आणि ते इतकं की घरच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर तो या आठवड्यात कुठला शेअर घ्यायचा ते रेकॉर्ड करून ठेवायचा. मार्टिन पेरेट्झ नावाचे एक प्राध्यापक, न्यू रिपब्लिक साप्ताहिकाचे मालक, त्यांना काही कामासाठी क्रेमर हवा होता, ते फोन करायचे तर क्रेमर भेटायचा नाही पण टिप ऐकू यायची, आणि त्या टिप चालायला लागल्या. पेरेट्झनी शेवटी त्याच्या हातात ५ लाख डॉलर ठेवले, की घे, सांभाळ.

म्हणजे बघा, मॅड मनीचं बीज तिथेच आहे. एका बाजूला माणूस बोलतोय, दुसऱ्या बाजूला न भेटलेला ऐकणारा आहे, आणि मध्ये फक्त एक मशीन.

१९८४ मध्ये तो गोल्डमन सॅक्स या मोठ्या गुंतवणूक बँकेत लागला आणि १९८७ मध्ये स्वतःचा हेज फंड काढला. हेज फंड म्हणजे थोड्या श्रीमंत लोकांचे पैसे घेऊन चालवलेला असा फंड की ज्याला बरीच मोकळीक असते, शेअर घेताही येतो आणि पडेल असं वाटलं तर आधी विकून नंतर स्वस्तात परत घेताही येतो, ज्याला शॉर्ट करणं म्हणतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाजार एका दिवसात २२ टक्क्यांहून जास्त कोसळला, तेव्हा क्रेमर आधीच शेअर विकून कॅशमध्ये बसला होता. २००१ च्या सुमाराला त्याने फंडातून निवृत्ती घेतली, तोवर खर्च वजा जाता वर्षाला सरासरी २४ टक्के परतावा दिला असं तो सांगतो. आकडा त्याचा स्वतःचा आहे हे लक्षात ठेवा, पण फंड जोरात चालला होता याबद्दल वाद नाही.

आता इथे जरा थांबूया, कारण सगळ्या विषयाची किल्ली साल २००० मध्ये आहे.

२९ फेब्रुवारी २००० ला क्रेमरने एका परिषदेत भाषण केलं आणि नव्या जगाचे विजेते म्हणून दहा कंपन्यांची नावं घेतली. एक्सोडस, इंकटॉमी, अरिबा, इन्फोस्पेस, डिजिटल आयलंड वगैरे, सगळ्या इंटरनेटच्या आसपासच्या. बरोबर दहा दिवसांनी, १० मार्चला, नॅस्डॅक इंडेक्सने, ज्यात टेक कंपन्यांचा भरणा असतो, ५,०४८ चा उच्चांक गाठला आणि तिथून जी घसरण लागली ती अडीच वर्षं चालली. त्या दहातल्या कितीतरी शेअर्सनी नव्वद टक्क्यांहून जास्त किंमत गमावली, एक्सोडस तर दिवाळखोरीत गेली. ही यादी आजही क्रेमरच्या विरोधात पहिला पुरावा म्हणून काढतात. पण त्याच २००० सालात, बाजार साधारण १० टक्के खाली असताना, क्रेमरचा फंड ३६ टक्के फायद्यात होता असं तो सांगतो.

एकच माणूस, एकच वर्ष. भाषण ऐकून शेअर घेतलेला माणूस बुडाला आणि फंडात पैसे असलेला माणूस कमावून बसला. हे कसं?

कारण फंडात क्रेमरने मत बदललं. ट्रेडरचं कामच ते असतं, सकाळी घेतलं, दुपारी वाटलं चुकलं, तर दुपारी विकून मोकळं व्हायचं, कुणाला स्पष्टीकरण द्यायचं नाही, लाज बाळगायची नाही. उलट जितक्या लवकर चूक कबूल कराल तितका तोटा कमी. क्रेमरची खरी ताकद ही होती, पटकन पलटणं. आणि नेमकी हीच गोष्ट भाषणातून, लेखातून किंवा टीव्हीवरून पोचत नाही. ऐकणाऱ्यापर्यंत घ्या एवढाच शब्द पोचतो. किती घ्या, किती दिवसांसाठी, कुठे चुकलो असं समजायचं, कुठे बाहेर पडायचं, यातलं काही पोचत नाही. आणि पुढे त्याने मत बदललं तर ते ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी तुम्ही टीव्ही लावलेलाच असेल असं थोडंच आहे.

मॅड मनी बघितलात तर हे अगदी जवळून दिसतं. शोमध्ये एक भाग असतो लाइटनिंग राउंड. फोन लागतो, समोरचा आरोळी ठोकतो, बूया!, क्रेमरपण उलट बूया करतो, समोरचा कंपनीचं नाव सांगतो आणि क्रेमर पुढच्या काही सेकंदांत घ्या किंवा विका असं सांगून टेबलावरचं बटण दाबतो, त्यातून आवाज येतो, की लगेच दुसरा फोन. वेळ संपली की बझर वाजतो. एवढ्या सगळ्या कंपन्या तोंडपाठ असणं हे खरंच अवघड आहे, मला त्याचं कौतुक वाटतं. पण जरा विचार करा, डॉक्टरकडे गेलात आणि फक्त वय सांगितलंत तर तो सांगू शकेल का ऑपरेशन करायचं की नाही? फोन करणाऱ्याकडे तो शेअर आधीच आहे का, कितीला घेतलाय, पैसे मुलीच्या फीचे आहेत की जास्तीचे पडून असलेले, काहीच माहीत नाही. तरी उत्तर येतं, कारण शोमध्ये मला माहीत नाही हे उत्तर फार वेळा देऊन चालत नाही. (कधीकधी तो देतो, अभ्यास करून परत सांगतो म्हणतो, आणि मला ते त्याचे सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतात.)

असे दिवसाला किती, वर्षाला किती अंदाज होत असतील बघा. हजारांत जातात. त्यातले निम्मे जरी बरोबर आले तरी चुकलेल्यांचा ढीग इतका मोठा राहणार की त्यातून दहा भयंकर निवडून एक व्हिडिओ बनवणं अगदी सोपं आहे. तसंच दहा अप्रतिम निवडून दुसरा व्हिडिओ पण बनेल. एनव्हिडिया घ्या आणि सोडू नका असं तो वर्षानुवर्षं सांगत होता, कुत्र्याचं नाव एनव्हिडिया ठेवलं होतं त्याने! फेसबुक, अ‍ॅमेझॉन, नेटफ्लिक्स आणि गूगल यांचं फँग हे नाव २०१३ मध्ये त्याच्याच शोमधून लोकांच्या तोंडी बसलं, आणि पुढची कितीतरी वर्षं बाजार याच कंपन्यांनी ओढला. हे मीममध्ये येत नाही.

बरं, आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात रंजक वाटते. टीव्हीवर बोलल्यामुळेच भाव हलतो.

समजा एक छोटी कंपनी आहे, बाजार दुपारी चारला बंद झाला तेव्हा शेअर १०० डॉलरला होता. संध्याकाळी सहाला शो लागतो, क्रेमर म्हणतो मला ही कंपनी आवडते. लाखभर लोक ऐकतात, त्यातले काही हजार रात्रीच ऑर्डर टाकून ठेवतात. सकाळी बाजार उघडतो तो १०० ला उघडतच नाही, १०२ किंवा १०३ ला उघडतो, कारण विकणारे तेवढेच आहेत आणि घेणारे एकदम वाढलेत. कंपनीत रात्रीतून काहीही बदललेलं नाही. जोसेफ एंगेलबर्ग, कॅरोलिन सॅसव्हिल आणि जॅरेड विल्यम्स या अभ्यासकांनी मॅड मनीच्या शिफारशी घेऊन हे मोजलं, तर पहिल्यांदाच सुचवलेल्या शेअरमध्ये रात्रीतून सरासरी २.४ टक्के उडी दिसली, आणि पुढच्या काही महिन्यांत ती विरून गेली. छोट्या, कमी उलाढालीच्या शेअरमध्ये उडी जास्त.

म्हणजे टिप ऐकून सकाळी घेणारा माणूस टिपच्या भावाला घेतच नाही, तो टिपनंतरच्या भावाला घेतो. अंदाज बरोबर असला तरी तो अडीच टक्के मागे राहूनच सुरुवात करतो. आणि ज्यांना ही उडी ठाऊक आहे ते सकाळी नेमके त्यालाच विकायला उभे असतात. यात क्रेमरची लबाडी नाही, पण त्याच्या आवाजाची किंमत ऐकणारा मोजतोय हे खरंच आहे.

ही गोष्ट त्याच्या बाबतीत टीव्हीच्या आधीच घडली होती. १९९५ मध्ये स्मार्टमनी मासिकात त्याने काही छोट्या कंपन्यांबद्दल लिहिलं, त्यांचे शेअर त्याच्या फंडाकडे होते, लेख आल्यावर भाव उडाले आणि फंडाला कागदोपत्री २० लाख डॉलरच्या आसपास फायदा दिसायला लागला. मोठा गदारोळ झाला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने चौकशी केली, कारवाई झाली नाही. आज सीएनबीसीवर त्याला स्वतःच्या नावावर असे शेअर ठेवता येत नाहीत, जे काही आहे ते एका चॅरिटेबल ट्रस्टमध्ये, त्याचा नफा दानात जातो, आणि तिथेही शोमध्ये नाव घेतल्यावर ठराविक वेळ थांबल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. बोलणाऱ्याच्या खिशात काय आहे हे ऐकणाऱ्याला कळायलाच पाहिजे, माझ्या मते बाकी सगळ्या नियमांआधी हा नियम हवा.

ट्रस्टमुळे एक बरं झालं, त्याचा हिशोब मांडता आला. व्हार्टन बिझनेस स्कूलच्या दोन अभ्यासकांनी २०१६ मध्ये तो मांडला. ऑगस्ट २००१ ते मार्च २०१६ या काळात ट्रस्टचा एकूण परतावा ६४.५ टक्के, आणि एस अँड पी ५०० म्हणजे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्सचा ७० टक्के. बस, इतकाच फरक. बुडाला नाही, पण जिंकलाही नाही. डोळे मिटून इंडेक्स फंडात टाकलेले पैसे थोडे पुढे राहिले असते. या आकड्यात ना त्याची पूजा करण्यासारखं काही आहे ना त्याची टर उडवण्यासारखं, आणि कदाचित म्हणूनच तो फारसा फिरत नाही.

जे फिरतं ते ११ मार्च २००८ चं क्लिप. मी ते अनेकदा बघितलंय. पीटर नावाच्या एका प्रेक्षकाचा प्रश्न येतो, बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेकडे पुरेसा रोख पैसा आहे की नाही याची काळजी करू का, तिथून माझे पैसे काढू का? क्रेमर ओरडतो, नो! नो! नो! बेअर स्टर्न्स इज फाइन! शेअर तेव्हा ६० डॉलरच्या वर होता. तीन दिवसांनी, शुक्रवारी, ३० वर बंद झाला आणि रविवारी जेपी मॉर्गनने ती बँक शेअरमागे २ डॉलरने विकत घ्यायचं जाहीर केलं, नंतर ते १० केले.

क्रेमरचं म्हणणं असं की प्रश्न बेअरमध्ये ठेवलेल्या खात्याबद्दल होता, शेअरबद्दल नव्हता. आणि हे बारकाईने बघितलं तर चूक नाही. ब्रोकरकडे तुमचं खातं असणं आणि ब्रोकर कंपनीचा शेअर तुमच्याकडे असणं या दोन वेगळ्या गोष्टी. ग्राहकांचे शेअर वेगळे ठेवलेले असतात, आणि बेअरच्या ग्राहकांची खाती खरोखरच सुरक्षित राहिली. पण ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडलं? कंपनी ठणठणीत आहे. त्याआधी तो शेअरबद्दलही चांगलं बोललेला होता, त्यामुळे हे स्पष्टीकरण फारसं कुणी मानलं नाही. माझ्यासाठी इथे चूक माहितीची नाहीये, सूराची आहे. खात्री नसलेल्या गोष्टी तो तितक्याच मोठ्या आवाजात सांगतो जितक्या मोठ्या आवाजात खात्रीच्या. आणि ओरडण्यातून आकडा कळत नाही, फक्त जोर कळतो.

गंमत अशी की याच आवाजात तो बरोबरही होता. ३ ऑगस्ट २००७ ला, संकट अजून बहुतेकांना दिसतही नव्हतं तेव्हा, तो फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर भडकला, यांना काही माहीतच नाही, दे नो नथिंग, असं ओरडत. बाहेर कर्जबाजार कसा आवळत चाललाय ते त्याला ओळखीच्या लोकांच्या फोनवरून कळत होतं. सप्टेंबरमध्ये फेडने व्याजदर अर्ध्या टक्क्याने खाली आणला. आणि ६ ऑक्टोबर २००८ ला सकाळच्या टुडे शोवर शांतपणे म्हणाला की पुढच्या पाच वर्षांत लागणारे पैसे असतील तर ते आत्ताच बाजारातून काढा. त्या दिवशी एस अँड पी १,०५६ वर बंद झाला, मार्च २००९ मध्ये ६७६ ला होता. म्हणजे सल्ला योग्य होता की नाही? पाच महिन्यांसाठी अगदी योग्य. पण पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ ला, तोच इंडेक्स १,६०० च्या वर होता. ज्यांनी काढले आणि भीतीने परत घातलेच नाहीत त्यांची पूर्ण चढण हुकली. परत कधी घालायचे हे त्या सकाळी कुणालाच सांगता आलं नसतं. पुन्हा तेच झालं, अर्धा सल्ला पोचला.

मार्च २००९ मध्ये विनोदी कलाकार जॉन स्टुअर्टने त्याला डेली शो या बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या आपल्या कार्यक्रमात समोर बसवलं. स्टुअर्टने क्रेमरचाच २००६ चा एक व्हिडिओ लावला ज्यात तो हेज फंडवाले भाव खाली ढकलायला, अफवा पसरवायला काय काय करतात हे सांगत होता. स्टुअर्टचा मुद्दा बरोबर होता, की तुम्हाला आतला खेळ माहीत आहे, मग सामान्य माणसाला तुम्ही तो का दाखवत नाही? क्रेमर त्या दिवशी भांडला नाही, आम्ही अजून चांगलं काम करायला हवं होतं असं मान्य केलं. तिथून त्याची प्रतिमा कायमची बदलली.

मग २०२३. फेब्रुवारीत शोमध्ये तो सिलिकॉन व्हॅली बँकेच्या शेअरबद्दल चांगलं बोलला, भाव ३२० च्या आसपास, आणि १० मार्चला ती बँक बुडाली. त्याच मार्चमध्ये टटल कॅपिटल नावाच्या कंपनीने चक्क इन्व्हर्स क्रेमर ईटीएफ काढला, क्रेमर म्हणेल त्याच्या उलट करणारा फंड. मीमवाल्यांच्या म्हणण्याची याहून स्वच्छ परीक्षा होऊच शकत नाही. झालं काय? २०२३ मध्ये एस अँड पी जवळपास २४ टक्के वर गेला, क्रेमरला आवडणाऱ्या मोठ्या टेक कंपन्या तर त्याहून पुढे, आणि त्यांच्या विरुद्ध बसलेला फंड तोट्यात गेला. वर्ष होतंय न होतंय तोवर बंद करायला लागला. सरळ आहे, ज्याचे अंदाज नाणेफेकीच्या आसपास असतात त्याचं उलटं पण नाणेफेकच असते, वर फंडाचा खर्च. उलटं करून कमवायचं असेल तर समोरचा नेमाने चुकणारा पाहिजे, आणि नेमाने चुकणं हे नेमाने बरोबर येण्याइतकंच दुर्मिळ आहे.

मला त्याचा सगळ्यात लक्षात राहिलेला दिवस मात्र २७ ऑक्टोबर २०२२ चा आहे. मेटाचा शेअर, म्हणजे जुन्या फेसबुकचा, त्या दिवशी २४ टक्के पडून ९७.९४ वर आला. क्रेमरने तो आधी सुचवला होता. तो कॅमेऱ्यासमोर बसला, आवाज भरून आलेला, डोळे ओले, आणि म्हणाला मी चुकलो, मी या लोकांवर विश्वास ठेवला. ना बूया, ना बटणं. जगभर ते क्लिप हसण्यासाठी फिरलं. मला हसू आलं नाही, इतक्या लोकांसमोर असं म्हणणारे फार कमी असतात. पण पुढचा आकडा बघा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेटा ९० च्या खाली जाऊन वळला, आणि २०२३ संपताना ३५० च्या वर होता. ज्यांनी त्याच्या पहिल्या शब्दावर घेतला आणि त्या माफीनंतर विकला, त्यांचे पैसे दोन्ही वेळा गेले.